दोघांत एक तिकीट

२०२४ सालचा मे महिना. सकाळचा चहा माझ्यापुढं ठेवून ही तिथंच बसली. एरवी बसत नाही. मी पेपर खाली केला.

"धरण मायनसमध्ये गेलंय म्हणं," ती म्हणाली.

"गेलंय. उणे पन्नासच्या पण खाली गेलंय."

"मग चला की."

कुठं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हे 'चला की' मी किती वर्षं ऐकतोय, त्याचा हिशेब माझ्याकडं नाही. तेहतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. रोज रात्री वे-बिल लिहून, सुट्ट्या पैशासकट जुळवून डेपोत भरणा केला. पण घरातल्या या एका खात्याचा हिशेब मी कधी मांडलाच नाही.

आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या काठाचं. आता ते उजनीच्या पोटात आहे. धरणाचं काम १९६६ ला सुरू झालं आणि १९८० ला पुरं झालं. ११७ टीएमसी पाणी मावतं त्यात. त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास पाणी असं, की ते कालव्याला जात नाही. त्याला मृतसाठा म्हणतात. वरचं जिवंत पाणी संपलं की पेपरवाले 'उणे' लिहायला लागतात. आमचं गाव त्या मेलेल्या पाण्याखाली आहे. म्हणजे सगळा सोलापूर जिल्हा आभाळाकडं डोळे लावून बसतो, तेव्हा कुठं आमच्या गावाला ऊन दिसतं. गाव बघायची इच्छा धरायची, तर दुष्काळाची इच्छा धरल्यासारखं होतं. म्हणून आमच्याकडं ती कुणी मोठ्यानं बोलून दाखवत नाही.

माझं लग्न १९७४ सालचं. ही सतरा वर्षांची होती. जुन्या गावात ती नांदली ती जेमतेम दोन वर्षं. मी तिथं जन्मलो, वाढलो, नदीत पोहायला शिकलो. तेव्हा गाव माझं, असंच मी धरून चाललो होतो.

गाव उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोजणी झाली होती, नोटिसा आल्या होत्या. पण पाणी आपल्या दारात येईल हे म्हाताऱ्यांना पटत नव्हतं. नदीला पूर येतो आणि ओसरतो, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. न ओसरणारा पूर त्यांना माहीत नव्हता. वडलांनी घराच्या तुळया, दाराची चौकट, कड्या-कोयंडे आधीच काढून ठेवले होते. त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी पाणी पाणवठा सोडून वर चढायला लागलं. रात्रीतनं बैलगाड्या जुंपल्या. धान्याची पोती, भांडी, कोंबड्या, आजारी चुलता, सगळं गाडीत घातलं. आई मात्र घरातनं बाहेर येईना. शेवटी वडील ओरडत आत गेले. आई ओसरीवर बसली होती, उखळापाशी.

ते उखळ अख्ख्या दगडाचं, ओसरीत जमिनीत रोवलेलं. माझ्या पणजीच्या आधीपासूनचं म्हणायचे. घरातल्या प्रत्येक लग्नाची हळद त्यात कुटलेली. आमच्या लग्नाचा घाणाही त्याच उखळावर भरला होता. दोन मुसळांना आंब्याची पानं बांधून सवाष्णींनी हळद कुटली होती. जातं गाडीत बसलं, पाटा-वरवंटा बसला. उखळ निघालं नाही. निघणारही नव्हतं. आईची एवढीच हळहळ होती की अंधारात, गडबडीत, त्याला हळदकुंकू वाहायचं राहिलं.

"सून घरातनं निघाली तरी वटी भरत्यात," ती नंतर म्हणायची. "आन् मी उखळाला तसंच टाकून आले."

आम्हाला जमीन मिळाली पंढरपूर तालुक्यात, वसाहतीत घराला जागा मिळाली. त्या मिळण्यातही बरीच वर्षं गेली. वडील कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले. नवीन शेजारी आम्हाला नावानं हाक मारत नसत, 'धरणग्रस्त' म्हणत. धरणाचा कालवा पुढं त्या भागात फिरला, ऊस उभा राहिला, गोरगरिबांची पक्की घरं झाली, हे खोटं नाही. पण वडील त्या कालव्याच्या कडेनं कधी चालले नाहीत. वाट लांबची पडली तरी आडवाटेनं जायचे.

आणि मला धरणग्रस्ताच्या दाखल्यावर नोकरी लागली. साल १९७९. खाकी कपडे, खांद्याला पैशाची कातडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि पंच. घरात पहिला पगार आला त्या दिवशी आईनं पेढे वाटले. मी मात्र मनात म्हणालो, गाव गेलं म्हणून ही खाकी अंगावर आली. ही गोष्ट मी कुणाला बोललो नाही. हिलाही नाही. पण गावाचा विषय निघाला की मी उठून जायचो, त्याचं कारण हेच.

एस.टी.च्या नोकरीत घरच्यांना वर्षाकाठी फुकट प्रवासाचा पास मिळायचा, गर्दीचा हंगाम सोडून. मी तो दरवर्षी न चुकता काढायचो. ही तो देव्हाऱ्याच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याखाली ठेवायची. मुदत संपली की तिथनंच काढून चुलीत घालायची. जाणार कधी? म्हैस विणारी, पेरणी डोक्यावर, पोरांच्या परीक्षा, वडलांचं दुखणं, मग आईचं. मी आज मुक्कामी गाडीवर, उद्या पुण्याच्या गाडीवर. आषाढीला तर बघायलाच नको. सगळ्या महाराष्ट्रातनं जादा गाड्या पंढरपुरात यायच्या आणि आमच्या रजा बंद व्हायच्या. लोकांच्या आया-बहिणी मी पांडुरंगाच्या पायाशी आणून उतरवल्या. आमची कारभारीण दहा मैलांवर बसून माझ्या डब्याच्या भाकरी थापत होती.

आई थकली तशी एक सवय लागली तिला. उन्हाळा आला की विचारायची, "पाणी उतरलं का गं? पायरी दिसती का?"

ही सांगायची, "न्हाई अजून, आत्याबाई. दिसली की जाऊ."

"माझ्यानं कुठलं होतंय. तू जा. उखळाला हळदकुंकू वाह्य आन् माझं नाव सांग."

"व्हय."

त्या 'व्हय'ला मी साक्षीदार होतो. पण मला ते सासू-सुनेचं बोलणं वाटलं. २०१६ च्या दुष्काळात धरण असंच तळाला गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आल्याचे फोटो पेपरात आले. ही म्हणाली, "चला की." पण आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून जायचं कसं? त्याच साली पहिला पाऊस पडला आणि आई गेली. धरण पुन्हा भरलं.

मी निवृत्त झालो होतो २०१२ साली. अठ्ठावन्न वर्षं पुरी झाली, डेपोत हार-नारळ झाला, घरी आलो. आठ दिवस झोप येईना. पहाटे चारला उठून बसायचो. ही म्हणाली, "गाडी सुटली तुमची. आता माझ्याबरूबर चला."

आम्ही फिरायला लागलो ते असं. आईला सांभाळून, लेकीला दोन-चार दिवस बोलावून घेऊन. मी म्हणायचो काशीला जाऊ, रामेश्वरला जाऊ. हिनं एकच धरलं, "आधी आपली नदी बघायची. कुठनं येती आन् कुठं जाती." मला हसू आलं होतं. पण तिच्या म्हणण्याप्रमाणंच झालं.

पहिल्यांदा भीमाशंकर. पायऱ्या उतरून देवळापाशी गेलो. भीमा उगम पावते ते कुंड पाहून ही बराच वेळ उभी राहिली. एवढीशी धार. ओंजळीत पाणी घेऊन म्हणाली, "तान्ही हाय अजून. पुढं कुणाकुणाची घरं घेणार हाय, तिला तरी ठावं हाय का?" मग दुसऱ्या वर्षी सिद्धटेक. अष्टविनायकातला गणपती, तोही भीमेच्याच काठाला. तिथं नदी चांगली बाईमाणसासारखी भरलेली. पुढं अक्कलकोट करून गाणगापूर. भीमा-अमरजा संगमावर अंघोळ केली, दुपारी लोक मधुकरी मागत होते, त्यांच्यात हिनंही पदर पसरला. पाच घरं मागितली. मला ते जमलं नाही. जन्मभर दुसऱ्यापुढं हात पसरून 'तिकीट, तिकीट' म्हणणारा मी, तिथं लाजलो.

आणि पंढरपूर तर दारातच. वारीच्या आधी उजनीचं पाणी नदीत सोडतात, वारकऱ्यांना स्नान घडावं म्हणून. एका आषाढीला आम्ही दोघं वाळवंटात उभे होतो. लोक ते पाणी डोळ्यांना लावत होते, बाटल्यांत भरत होते. ही हळूच म्हणाली, "आवो, हे आपल्या अंगणातलं पाणी." मी काही बोललो नाही. चंद्रभागा म्हणून जिला लोक हात जोडतात, ती आमच्या ओसरीवरून आलेली असते, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

अशी सगळी नदी आम्ही पाहिली. मधला एक तुकडा तेवढा राहिला होता. तो मीच टाळत आलो होतो.

त्या मे महिन्यात मात्र टाळायला कारण उरलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. हिच्या पिशवीत भाकरी, पाण्याच्या दोन बाटल्या, एक खुरपं आणि फडक्यात गुंडाळलेली करंड्याची डबी. गुडघे दुखतात म्हणून हातात काठी. करमाळ्याच्या गाडीत बसलो. कंडक्टर पोरगा माझ्या नातवाच्या वयाचा. मशीन काढून म्हणाला, "कुठं, आजोबा?"

"जेऊर. दोन हाफ."

मी पासष्टच्या पुढचा म्हणून अर्धं. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं. पोरानं कागद फाडून हातात दिला. ही म्हणाली, "म्हंजे दोघांत मिळून एक तिकीट झालं की." पोरगा हसला. मी त्या तिकिटाकडं बघत राहिलो. हजारो माणसांना तिकिटं फाडली, पण बायकोच्या शेजारी बसून असं तिकीट काढून प्रवास करायला सत्तरी गाठावी लागली.

जेऊरला उतरून पुढं वडाप. आयुष्यभर ज्या वडापवाल्यांशी भांडलो, त्यांच्याच जीपमध्ये गुडघे मुडपून बसलो. वरच्या माळावर नवं गावठाण आहे, आमच्या गावातली काही घरं तिथं राहिली. तिथं उतरून खाली चालायला लागलो.

पाणी पार लांब गेलं होतं. गाळ वाळून भेगाळला होता, शिंपले पायाखाली कडाकडा मोडत होते. लोकांनी गाळपेर करून जागोजागी हिरवे तुकडे केले होते. मासेमारांची होडी कोरड्यात कलंडून पडलेली. पुढं जोती दिसायला लागली. दगडांच्या रांगाच रांगा. भिंती नाहीत, दारं नाहीत, झाड नाही. बाभळीची काळी खोडं तेवढी.

मी थांबलो. मला काहीच ओळखू येईना. वीस वर्षं ज्या गावात वाढलो, त्यात माझं घर कुठल्या बाजूला होतं तेही कळेना. सूर्यावरून दिशा धरली, पुन्हा चुकलो. एका जोत्यावर चढून म्हणालो, "हे आपलं असावं."

"ते न्हवं," ही म्हणाली. "ते सोनाराचं."

"तुला काय माहीत? दोन वर्षं तर राहिलीस तू इथं."

ती काही बोलली नाही. काठी टेकत खाली पाणवठ्याकडं चालायला लागली, घराच्या अगदी उलट्या दिशेला. मी मागून हाका मारतोय. पाणवठ्याचा सपाट दगड गाळातनं वर आला होता. तिथं जाऊन ती वळली, पदर डोक्यावर घेतला, मान खाली घातली आणि वर यायला लागली. तोंडानं काहीतरी मोजत होती. एके ठिकाणी थांबली. काठीनं गाळ उकरला. खाली एक तासलेला दगड निघाला, कोपरा मोडलेला.

"ह्याला ठेच लागायची माझ्या," ती म्हणाली. "इथनं डावीकडं बोळ. मारुतीच्या जोत्याला वळसा. मग तीस पावलं."

मग मला उलगडलं. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन चालणारीला मान वर करता येत नाही. मी गाव बघितलं होतं ते पारावर बसून. घरांची दारं, झाडं, माणसं, देवळाचा कळस. ते सगळं पाण्यानं नेलं. हिनं बघितली होती फक्त पायाखालची वाट. दिवसाच्या दहा-बारा खेपा, दोन वर्षं. पाण्याला नेता आलं नाही ते तेवढंच होतं.

मी गपगुमान तिच्या मागं चालायला लागलो.

तीस पावलांवर आमची पायरी होती. काळा दगड, मधोमध झिजलेला. तिथं मात्र माझे पाय थरथरले. याच पायरीवर बसून वडील माझी हजामत करवून घ्यायचे न्हाव्याकडनं. वर चढलो तर ओसरीच्या जागी सगळा गाळ. हिनं काठी टेकून अंदाज घेतला, खाली बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली तशी "आई गं" म्हणाली, पण बसली. खुरप्यानं उकरायला लागली. मीही हातानं गाळ ओढू लागलो. हातभर गेल्यावर गोल कड लागली.

उखळ तसंच होतं. आत गच्च गाळ भरलेला. ती चिमटी-चिमटीनं काढत होती, एखाद्या पोराचा कान साफ करावा तसा. तळ लागल्यावर बाटलीतलं पाणी ओतून पदरानं पुसलं. मग डबी उघडून हळद वाहिली, कुंकू वाहिलं. पिशवीच्या तळातनं मूठभर जोंधळे काढून त्यात घातले.

"आत्याबाईंनी पाठवलंय," ती उखळाला म्हणाली. "त्येंच्यानं येणं झालं न्हाई. उशीर झाला. पोटात घे."

मला तिथं उभं राहवेना. मी पाठ फिरवून पाण्याकडं तोंड केलं. लांबवर पाणी चमकत होतं. आईनं हे काम मला सांगितलं नव्हतं, सुनेला सांगितलं होतं. दाखल्यावर नाव माझं, सातबाऱ्यावर नाव वडलांचं, बुडीत म्हणून जे काही लिहून आलं ते सगळं पुरुषांच्या नावावर. पण गाव जपायला दिलं होतं ते हिच्याकडं, आणि हिनं ते जपलं होतं.

तिथंच बसून आम्ही भाकरी खाल्ली. तेव्हा पहिल्यांदा मी तिला ती गोष्ट सांगितली. गाव गेलं म्हणून नोकरी लागली, आणि त्यामुळं मला इथं यायचं तोंड वाटत नव्हतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "त्या पगारावर पोरं शिकली. आत्याबाईंचं औषधपाणी झालं. गावानंच दिलं म्हणा की. त्यात तोंड लपवायचं काय?" थोडं थांबून म्हणाली, "पर येवढं सांगायला पन्नास वर्षं लावली व्हय?"

निघताना मी विचारलं, इथला एखादा दगड घरी न्यायचा का? अंगणात ठेवता येईल. तिनं मान हलवली. "नगं. हितलं हितंच ऱ्हाऊ दे. आपुन आलो तेवढं बास."

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. तिच्या नखांत काळा गाळ अडकला होता. गाडीला खड्डा लागला की तिचं डोकं आपटायचं, म्हणून मी खिडकीच्या गजावर माझा हात धरला तो पंढरपूर येईपर्यंत.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पुण्याकडची धरणं भरली आणि ऑगस्टात उजनीही भरली. सकाळी पेपरात आकडा वाचून दाखवला. मला वाटलं हिला वाईट वाटेल. तिनं देव्हाऱ्यापुढं हळदकुंकवाची बोटं उठवली आणि म्हणाली,

"झाकलं बाई एकदाचं. आता उघडं पडू नये."

मग चहा टाकायला आत गेली. तिथनंच म्हणाली, "काशीचं काय म्हणत होता तुम्ही?"